समजा, अस्वल आलं तर

"समजा," असं म्हणून ते आधी चष्मा काढायचे, मग उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि त्या बोटाकडे स्वतःच क्षणभर बघत राहायचे. पुढचं वाक्य त्या बोटावर येऊन बसेपर्यंत आम्ही सगळे थांबायचो. ते येऊन बसलं की आमचं त्या दिवशीचं काम संपलं, असं धरून चालायला हरकत नसे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लग्नाच्या पंगतीला बसण्याआधी मांडवाच्या खांबाला हात लावून बघणारी, रिक्षात पाय ठेवण्याआधी रिक्षावाल्याला ब्रेक दाबून दाखवायला लावणारी. आमचे सर त्यांच्यातलेच. फक्त आमच्या कंपनीने त्यांना त्याच कामासाठी पगारावर ठेवलं होतं.

हडपसरला नव्याने उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. पुढच्या खिडकीतून रस्ता दिसायचा आणि मागच्या खिडकीतून अजून शिल्लक राहिलेला ऊस. माझी ती पहिलीच नोकरी. मी शेजारच्याच मांजरी गावची, त्यामुळे ऊस बघायला मला काचेच्या खिडकीची गरज नव्हती, पण एसीत बसून ऊस बघण्यात वेगळीच ऐट होती. आम्ही सगळे विशी-पंचविशीतले आणि आमच्यात हे एकटे पन्नाशी ओलांडलेले. आधी एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायचे. कारखान्याने लोकांना स्वेच्छानिवृत्ती दिली तेव्हा ते बाहेर पडले, संगणकाचा कोर्स केला आणि आमचे प्रोग्राम तपासायला आले.

"समजा, वापरणाऱ्याने वयाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं."

"कोण लिहील, सर?"

"समजा लिहिलं."

आणि ते लिहायचे. पडदा निळा व्हायचा, मशीन बंद पडायचं, आणि सरांच्या चेहऱ्यावर नातू झाल्यासारखा आनंद पसरायचा. "बघा!"

एका परदेशी प्रवास कंपनीचं तिकिटांचं काम आमच्याकडे होतं. सरांनी त्यात पहिल्याच दिवशी निघण्याच्या आधीची परतीची तारीख टाकली. "समजा, माणूस जाण्याआधीच परत आला."

प्रोग्रामने ती तारीख मुकाट्याने घेतली. आम्ही कपाळावर हात मारला. सर मात्र म्हणाले, "यात न पटण्यासारखं काय आहे? आमच्या घरी नेहमी असंच होतं."

त्याचा अर्थ मला काकूंना भेटल्यावर कळला. काकू म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. शनिवार पेठेत एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते दोघंच राहायचे. मुलगा बंगलोरला. काकू बालवाडीत शिकवायच्या, त्यामुळे समोरच्या प्रत्येकाला नाक पुसलंय का, अशा नजरेने बघायच्या. मी एकदा काही कागद द्यायला गेले, तेव्हा त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "फोटोचा अल्बम बघतेस?"

मी बघते म्हटलं. अल्बममध्ये फोटो नव्हते. रद्द केलेली तिकिटं होती.

"हे महाबळेश्वर. समजा, घाटात दरड कोसळली. हे उटी. समजा, तिथली थंडी मानवली नाही. आणि हे कन्याकुमारी."

"कन्याकुमारीला काय झालं?"

"पुढे समुद्र आहे," काकू म्हणाल्या. "समजा, पुढे जायची वेळ आली, तर जागा नाही."

सर शेजारीच पेपर वाचत बसले होते. पान खाली न घेता म्हणाले, "पण दरड कोसळली होती की नाही?"

"कोसळली होती. दोन वर्षांनी."

त्या वर्षी आमच्या कंपनीची बऱ्यापैकी भरभराट झाली आणि साहेबांनी जाहीर केलं की सगळ्यांनी कुठेतरी सहलीला जा, घरच्यांनाही न्या. मंदार नावाचा आमचा एक सहकारी होता. तो मराठी वाक्यात मराठी शब्द चवीपुरते टाकायचा. तो म्हणाला, "रिसॉर्ट एकदम बोअर होतं यार. नॅशनल पार्कमध्ये टेंट टाकून राहू. फुल टू नेचर." सह्याद्रीतल्या एका राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर वनखात्याचं मोकळं मैदान होतं, तिथे आपापले तंबू ठोकून राहायला परवानगी मिळायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आखणी कोणी करायची, तर अर्थातच सरांनी. जाण्याशी त्यांचं वाकडं होतं, आखण्याशी नव्हतं.

त्याच सुमारास अमेरिकेतला आमचा एक ग्राहक कामासाठी पुण्यात आला होता. उंचापुरा, गुलाबी, सतत घामाघूम. मंदारने त्याला सहलीचं सांगितलं, तर तो खुलला. त्यांच्याकडे म्हणे दर सुट्टीत लोक असेच जंगलात तंबू ठोकून राहतात आणि वासावर अस्वलं येतात. त्यामुळे खाणं तंबूत ठेवायचं नाही. लोखंडी पेटीत तरी ठेवायचं, नाहीतर झाडाला उंच टांगायचं.

सरांनी चष्मा काढला. बोट वर केलं. "सपोज," ते इंग्रजीत म्हणाले, "अस्वल झाडावर चढलं."

तो माणूस हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, "चढतं ना. म्हणून पिशवी खोडापासून लांब टांगायची."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या 'समजा'ला कोणी प्रथमच सरळ उत्तर दिलं होतं. ते दोघं जेवणाची सुट्टी संपली तरी अस्वलावर बोलत बसले. जाताना त्याने सरांचा हात दोन्ही हातांत धरला. आम्हाला कधी त्याने नुसता नमस्कारही केला नव्हता.

त्या दिवसापासून अस्वल आमच्या ऑफिसात राहायलाच आलं. वासाच्या वस्तूंवर बंदी आली. अत्तर नाही, केसांना तेल नाही, लसणाचा चिवडा नाही, गजरा तर नाहीच नाही. हिंगाच्या डबीवर घरी मोठी चर्चा झाली.

"मग मलाही नेऊ नका," काकू म्हणाल्या. "माझ्या हाताला जन्माचा फोडणीचा वास आहे."

"हातमोजे घाल," सर म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

तंबूंचं असं झालं की आम्ही मुलामुलींनी गिर्यारोहणवाल्यांकडून निळे, हलके, छत्रीसारखे उघडणारे तंबू भाड्याने आणले. सर त्यातल्या एकात शिरले, आडवे झाले आणि त्यांची पावलं बाहेर राहिली. "समजा, पाय लांब करायचे असले," असं ते आतून म्हणाले. त्यामुळे त्यांनी स्वतःचा तंबू शिवून घ्यायचं ठरवलं. पेठेतला त्यांचा ओळखीचा माणूस मांडव घालणारा होता. त्याने मजबूत कापड वापरलं, दुहेरी शिवण घातली, बांबूही चांगले दिले. पण कापड त्याच्याकडे होतं तेच वापरलं. तंबू झाला तो लाल आणि पिवळ्या पट्ट्यांचा. आतून गुलाबी अस्तर, त्यावर फुलं, आणि चारही बाजूंना झालर. दाराला चेन नव्हती, नाड्या होत्या.

काकूंनी नाड्या हातात धरून बघितल्या. "हा तंबू आहे का परकर?"

मग ऑफिसच्या गच्चीवर पावसाची चाचणी झाली. सर तंबूत मांडी घालून बसले आणि आम्ही वरून बादल्या ओतल्या. कापडातून खरंच थेंब आत गेला नाही. पण दाराच्या नाड्यांमधून जे पाणी आत गेलं, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. आम्ही नाड्या सोडल्या तेव्हा सर तळ्यात बसल्यासारखे बसले होते आणि ओरडत होते, "कापड पास!" 

जसजसा दिवस जवळ आला, तसतशी काकूंची तयारी दिसायला लागली. त्यांनी कॅनव्हासचे बूट आणले. बालवाडीतल्या मुलांना जंगलाचं गाणं शिकवलं. सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलं की आम्ही नाही आहोत. मला फोन करून हळूच विचारलं, "जातोय ना गं आपण नक्की?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा एकदा तेच विचारलं. मलाच मग धाकधूक वाटायला लागली.

निघायच्या दिवशी सकाळी भाड्याच्या दोन जीप घेऊन आम्ही शनिवार पेठेत पोहोचलो. सामान खाली आणून ठेवलेलं होतं, ते आम्ही जीपमध्ये चढवलं. सर फुटपाथवर उभे होते. अंगात शर्ट-पँट, पायांत घरातल्या सपाता. चष्मा हातात.

"आपण जायला नको," ते म्हणाले.

"का, सर?"

"सगळ्याची तयारी झाली आहे. अस्वल, पाऊस, साप, ताप, पंक्चर. रात्रभर विचार केला, नवीन काही सुचत नाही. म्हणजे नक्की काहीतरी राहिलंय. आणि काय राहिलंय तेच कळत नाही."

मंदार म्हणाला, "सर, चिल," पण सर चष्म्याच्या काड्या मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते. आम्ही इतके दिवस हसत होतो. हा माणूस खरोखर घाबरतो, हे मला त्या फुटपाथवर पहिल्यांदा कळलं.

काकू जिना उतरून आल्या. त्यांनी सरांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि काय झालंय ते विचारलं नाही. पुढच्या जीपचं दार उघडून चालकाच्या शेजारी जाऊन बसल्या. पदर खोचला, बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या.

"तुम्ही राहा घरी," त्या म्हणाल्या. "काय राहिलंय ते आठवलं की फोन करा."

"तिथे फोन लागत नाही."

"मग पत्र पाठवा." आणि चालकाला म्हणाल्या, "चला हो."

चालक बिचारा आमच्याकडे बघायला लागला. "अहो, चला म्हटलं ना," काकू बालवाडीच्या आवाजात म्हणाल्या आणि त्याने गिअर टाकला. जीप कोपऱ्यापर्यंत गेली. सर तसेच उभे. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते धावायला लागले. शनिवार पेठेत सकाळी दूध आणायला निघालेल्या लोकांनी एक गृहस्थ सपाता फटफटवत जीपमागे "थांबा, थांबा" करत धावताना पाहिला. एक आजोबा दुधाची पिशवी सांभाळत म्हणाले, "पीएमटीची बस नाही ती, हात दाखवून थांबायला."

जीप थांबली. सर मागे चढले आणि त्यांच्यामागून धावत आलेली मीही. घाट लागेपर्यंत ते तोंडातल्या तोंडात यादी म्हणत होते. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "आठवलं काय राहिलं ते," ते पायांकडे बघत म्हणाले. "बूट."

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. पण त्यांचे खांदे हलत होते.

मैदान सुंदर होतं. कडेने दाट झाडी, एका मोठ्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड, आणि पलीकडे वनखात्याची चौकी. तिथल्या रखवालदाराला सरांनी आल्या आल्या धरलं.

"समजा, वाघ आला?"

"वाघ न्हाई हितं, साहेब."

"पण समजा आला."

"तर मला हाक मारा. नोकरी सपत आली, म्या बी बघितला न्हाई."

"आणि अस्वल?"

"अस्वल हाय की. पर ते वरल्या रानाला. त्येला मध लागतो, मानसं न्हाई लागत."

सरांना हे पुरेसं नव्हतं. त्यांनी सगळ्यांचं खाणं गोळा केलं. पोळ्या, सुकी भाजी, लाडू, केळी, ब्रेड, सगळं एका मोठ्या पिशवीत भरलं आणि दोरी टाकून झाडाच्या फांदीला टांगलं. जमिनीपासून उंच, खोडापासून लांब, त्या अमेरिकन माणसाने सांगितलं होतं अगदी तसं. मग खाली उभं राहून हात वर करून बघितलं. "अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं तरी पुरणार नाही."

आम्ही तंबू ठोकले. निळे तंबू झटकन उभे राहिले. सरांचा तंबूही त्या शेंदराच्या दगडासमोर उभा राहिला, झालर वाऱ्यावर डुलायला लागली आणि त्या हिरव्या मैदानात कोणाच्या तरी मुलीचं लग्न निघाल्यासारखं वाटायला लागलं. मग सगळे निरीक्षण मनोऱ्यावर जाऊन आलो. एक मोर आणि भरपूर मुंग्या दिसल्या. काकूंनी दोन्हींना सारख्याच उत्साहाने हात जोडले.

परत आलो तेव्हा झाड भरलेलं होतं. काळ्या तोंडाची वानरं फांदीफांदीवर शिस्तीत बसून जेवत होती. एकाकडे पोळ्यांची चळत होती, दुसरं लाडू फोडून नीट बघून खात होतं, आणि एक पिल्लू ब्रेडची रिकामी पिशवी डोक्यावर घालून बसलं होतं. अस्वलापासून वाचवलेलं सगळं आम्ही त्यांना हाताशी मिळेल असं वाढून ठेवलं होतं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "वानर," ते पुटपुटले. "वानराचा विचारच केला नाही."

पुण्याहून आणलेलं सगळं संपलं होतं. रखवालदार त्याचा डबा खाऊन मोकळा झाला होता आणि सर्वांत जवळचं दुकान घाटाखाली होतं. जीपवाले आम्हाला सोडून परत गेले होते, ते दुसऱ्या दिवशी येणार होते. मंदार उपाशीपोटी शुद्ध मराठी बोलायला लागला. सर तंबूच्या दारात गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसले. कोणी त्यांना काही बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं.

उन्हं कलली तेव्हा पलीकडच्या वाडीवरून बायका येताना दिसल्या. डोक्यावर टोपल्या, हातात नारळ, पुढे एक म्हातारी. त्या सरळ त्या लाल-पिवळ्या तंबूशी आल्या. शेंदराच्या दगडाला पाया पडल्या आणि तंबूलाही पडल्या. मी मांजरीची असल्यामुळे काय झालंय ते मला आधी कळलं. तो दगड म्हणजे रानातली देवी होती. नवस फेडायला येणारी माणसं तिच्यासमोर मांडव घालत, आणि मांडव दिसला की वाडीवरून भाकऱ्या येत.

म्हातारीने आमच्यावरून नजर फिरवली. "नवस कुनाचा हाय?"

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकू पुढे झाल्या.

"माझा," त्या म्हणाल्या.

"कसला गं, बाई?"

काकूंनी सरांकडे बोट दाखवलं. "यांना घराबाहेर काढायचा."

म्हातारीने सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. सपातांपाशी ती जरा थांबली. "मग झाला की पुरा," ती म्हणाली. "लई वर्सं लागली व्हय?"

"लग्न झाल्यापासून," काकू म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या डोळे पुसायलाही विसरल्या.

आम्ही सगळे इकडेतिकडे बघायला लागलो. सर उठून उभे राहिले होते. त्यांनी चष्मा काढला. बोट काही वर गेलं नाही.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुला राग येतो नुसता."

"रागच यायचा," काकू म्हणाल्या. "दुसरं काय करणार? तुम्ही तिकडे दरडी मोजत बसायचात."

म्हातारीला या संवादात रस नव्हता. तिने नारळ सरांच्या हातात ठेवला. "फोड."

"मी?"

"तू बाहेर आलास न्हवं? मग तूच फोड."

सर दगडापाशी बसले. नारळ वर उचलला आणि तिथेच थांबले. "समजा, नासका निघाला..."

"फोड की रं बाबा, भुका लागल्यात पोरांस्नी!"

सरांनी डोळे मिटून नारळ आपटला. एक करवंटी सरळ मंदारच्या पायावर गेली. आतलं खोबरं पांढरंशुभ्र होतं. बायकांनी टोपल्या उघडल्या. नाचणीच्या भाकऱ्या, झुणका, मिरचीचा ठेचा. आम्ही झालरीखाली गोल करून बसलो आणि गावजेवण असल्यासारखे जेवलो. काकूंनी पर्समधून हळदी-कुंकवाची डबी काढून सगळ्या बायकांना लावलं. त्याच पर्समध्ये हिंगाची डबीही होती, हे तेव्हा उघड झालं. सरांनी ती पाहिली. आणि दुसरी भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तेव्हा काकू चौकीतल्या चुलीपाशी रखवालदाराला बालवाडीतलं गाणं शिकवत होत्या. सर अजून झोपलेले होते. नाड्या उघड्या, पाय बाहेर, आणि पायांशी वाडीवरचं एक कुत्रं मुटकुळं करून पडलेलं. आम्ही सगळं आवरेपर्यंत त्यांना कोणी उठवलं नाही.

पुढे मी ती नोकरी सोडली. मागच्या खिडकीतला ऊसही गेला, तिथे दुसरी काचेची इमारत आली. सर निवृत्त झाल्याचं ऐकलं होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका घेऊन मी एका संध्याकाळी शनिवार पेठेत गेले. बेल वाजवली. खूप वेळाने समोरच्या दारातून एक बाई डोकावल्या.

"घरी नाहीत."

"कुठे गेलेत?"

"कोकणात म्हणाले होते. परवा त्यांचा फोन आला तो कारवारहून."

"केव्हा येणार?"

"विचारलं होतं मी," बाई म्हणाल्या. "म्हणाले, बघू."

"बघू? ते स्वतः म्हणाले?"

"हो. बघू म्हणाले आणि ठेवला. तुम्ही आत येऊन आश्चर्य करणार आहात का बाहेर? दार उघडं राहिलं की डास येतात."

पत्रिका मी त्यांच्याकडे दिली. त्यांनी दार लावून घेतलं. निघताना सहज म्हणून मी सरांच्या दाराचं कुलूप ओढून पाहिलं. ते नुसतं अडकवलेलं होतं, लागलेलंच नव्हतं. मी ते दाबून नीट लावलं आणि जिना उतरले.